व्हेरीइझीचे ब्रेक : सुटे भाग मागवण्याआधी चाक उघडा

नाक जमिनीला टेकवून बसलेले छोटे विमान हँगरच्या कोपऱ्यात दिसले, की ते अमेरिकी विमान-आरेखक बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरचे असावे हे लांबूनच ओळखता येते. त्यांच्या व्हेरीइझी या घरी बांधायच्या छोट्या विमानाचे पुढचे चाक आत घेता येते आणि विमान उभे करून ठेवायची रीतच तशी आहे. या प्रकरणातले विमान असेच अमेरिकेतल्या एका हँगरमध्ये पंधरा वर्षे बसून आहे. ते कुणा एकाच्या मालकीचे खरे विमान नव्हे. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या विमानांत जे दोष पुन्हा पुन्हा सापडतात, ते इथे एकाच विमानावर मांडले आहेत. टायर बसलेले, डाव्या ब्रेकचे पेडल दाबले तर थेट तळाला जाते, उजवे दगडासारखे घट्ट. नव्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : व्हेरीइझीचे ब्रेक पार्ट कुठे मिळतील?

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ‘व्हेरीइझीचे ब्रेक पार्ट’ अशी वस्तूच नाही. पहिली व्हेरीइझी १९७५मध्ये उडाली, आराखडे १९७६पासून विकायला आले आणि रुटान यांच्या कंपनीने १९८५मध्ये ही विक्री बंद केली. विकले गेले ते आराखडे. विमान प्रत्येकाने आपापल्या गॅरेजमध्ये बांधले. कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभारणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे घरी बांधलेले विमान म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. अशा विमानात चाक, कॅलिपर (चाकाच्या डिस्कला पॅडने चिमटणारा भाग), मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की तेलावर दाब आणणारा भाग) यांतले काय बसवायचे हा शेवटी बांधणाऱ्याचा निर्णय. त्यामुळे एकाच आराखड्याच्या दोन विमानांचे ब्रेक एकसारखे असतीलच असे नाही. पुढच्या मालकाने चाळीस वर्षांत काही बदलले असेल तर ते वेगळेच.

कायद्याने हे काम सोपे केले आहे. अमेरिकेत हौशी बांधणीच्या प्रायोगिक विमानाला प्रमाणित विमानासारखा मंजुरीचा शिक्का असलेलाच भाग लावायची सक्ती नाही आणि दुरुस्ती कुणीही करू शकतो. वर्षातून एकदा होणाऱ्या स्थिती-तपासणीवर मात्र परवानाधारक मेकॅनिकची सही लागते. मूळ बांधणाऱ्याकडे त्या विमानाचे रिपेअरमन प्रमाणपत्र असेल तर त्याची सहीही चालते. दुसऱ्या मालकाला ते प्रमाणपत्र मिळत नाही. थोडक्यात, चुकीचा भाग घेऊ नका असे सांगणारे पुस्तक इथे नाही. ते काम मोजमाप करणाऱ्याचे.

आणि हे मोजमाप हलक्यात घेण्यासारखे विमान हे नाही. व्हेरीइझीचे पुढचे चाक मोकळे फिरते, पेडलला जोडलेले नसते. जमिनीवर कमी वेगात रडरला, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या फळीला, जोर नसतो, म्हणून वळायचे ते एका बाजूचा ब्रेक दाबूनच. पेडल आधी रडर फिरवते आणि आणखी दाबले की ब्रेक लागतो. बाजूचा वारा असेल तर धावपट्टीकडे जाताना एकच ब्रेक सारखा घासत राहतो. दुसऱ्या विमानात एक ब्रेक गेला तर ती गैरसोय असते. इथे एक ब्रेक गेला म्हणजे सुकाणूच गेले.

चाक उघडताना

नाक उचलून पुढचे चाक बाहेर काढले आणि आत वैमानिक नसला, तर हे विमान मागे इंजिनावर उलटते. इंजिन मागे असल्याने वजन मागे असते. म्हणून नाक टेकलेलेच राहू द्यावे किंवा पुढे वजन बांधावे, आणि मुख्य पायाखाली (दोन्ही मुख्य चाके धरणाऱ्या दांड्याखाली) आधार देऊन चाके उचलावीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. क्लीव्हलंड या ब्रँडचे पाच इंची चाक दोन अर्ध्यांचे असते. ते अर्धे जोडणारे बोल्टच डिस्कही धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना हे बोल्ट सैल केले तर चाकाचे अर्धे गोळीसारखे सुटतात. व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पाना लावायचा. टायर बसलेला दिसतो म्हणून हवा गेलीच असेल असे धरू नये.

जुन्या लायनिंगमध्ये (पॅडच्या घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

कॅलिपर उतरवायला मागच्या प्लेटचे दोन बोल्ट पुरतात. बोल्ट काढले की कॅलिपर टॉर्क प्लेटच्या (कॅलिपर जागेवर धरणाऱ्या पक्क्या प्लेटच्या) भोकांतून आपल्या दोन पिनांवर सरकत बाहेर यायला हवा. डावीकडचा सरकतो. उजवीकडचा हलत नाही, पिना गंजून भोकांत चिकटल्या आहेत. घट्ट पेडलाचे अर्धे कारण इथेच सापडते. हा कॅलिपर तरंगता असतो : पिस्टन एकाच बाजूला असतो, तो एक पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर सरकून दुसरा पॅड ओढतो. पिना अडकल्या की एकच पॅड झिजतो आणि तोही तिरका. उजव्या बाजूच्या पॅडची जाडी एका टोकाला ४ मिमी आणि दुसऱ्या टोकाला २ मिमी भरते. क्लीव्हलंडची मर्यादा ०.१०० इंच, म्हणजे २.५४ मिमी. तिरका झिजलेला पॅड त्याच्या सर्वांत पातळ टोकावरून मोजायचा असतो.

कॅलिपरवरची नावाची पाटी डावीकडे शाबूत आहे, क्लीव्हलंड ३०-९. उजवीकडे पाटीच नाही. आकार सारखा दिसतो म्हणून इथे थांबता येत नाही. पिस्टन बाहेर काढून मोजावा. दोन्ही बाजूंना दीड इंच भरला तर बरे. समजा एका बाजूला सव्वा इंच निघाला, तर तेवढ्याच दाबाला दीड इंची बाजू ४४ टक्के जास्त जोर लावेल आणि सरळ थांबायचे म्हटले तरी विमान एकीकडे ओढेल. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे डोळ्याला किरकोळ वाटणारा फरक चाकावर मोठा होतो.

डिस्क मायक्रोमीटरने मोजावी, व्हर्निअरने नाही. घासलेल्या पट्ट्याच्या बाहेर कडेला न झिजलेली ओठासारखी धार राहते. व्हर्निअरचे जबडे त्या धारेवर बसतात आणि झिजलेली डिस्क जाड दाखवतात. कमीत कमी जाडी त्या डिस्कच्या क्रमांकाप्रमाणे उत्पादकाच्या पुस्तकातून घ्यावी. दुसरी तपासणी डिस्कची ‘बशी’ झाली आहे का याची. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज घालावा. ०.०१५ इंचापेक्षा, म्हणजे ०.३८ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर डिस्क बाद. एखादा सुटा चरा ०.०३० इंच खोल असला तरी चालतो. पंधरा वर्षे एकाच जागी पॅडखाली दाबून राहिलेल्या भागावर मात्र गंजाचे खड्डे असतात आणि ते नवा पॅड कानशीसारखे खातात. वरवरचा लाल गंज पॉलिश पेपरने निघतो. नख अडकेल एवढा खड्डा निघत नाही. या विमानाची डावी डिस्क वाचते, उजवी जाते. आमचा सल्ला : दोन्ही बदलाव्यात. एक नवी आणि एक अर्धी झिजलेली अशी जोडी सारखी तापत नाही.

आत कोणते तेल आहे

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि सर्वांत महागाची चूकही इथेच होते.

हलक्या विमानांच्या ब्रेकमध्ये बहुतेक ठिकाणी मिल-एच-५६०६ हे लाल खनिज तेल असते. त्याला नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (गळती रोखणारी गोल रबरी कडी) लागतात. मोटारीचे डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलचे असते आणि त्याला ईपीडीएमसारखे रबर लागते. खनिज तेलात ईपीडीएम फुगते आणि मऊ होते. ग्लायकॉलमध्ये नायट्राइल बिघडते. घरी बांधलेल्या विमानावर गो-कार्ट किंवा मोटारीचा मास्टर सिलिंडर असू शकतो. कुणीतरी घाईत जवळच्या दुकानातली बाटली ओतलेलीही असू शकते.

रंगावर विश्वास ठेवू नये. जुने ५६०६ फिकट होऊन पेंढ्याच्या रंगाचे होते, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेलही लालच असते. साधी परीक्षा अशी : काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात ब्रेकच्या तेलाचे चार थेंब टाकावेत. खनिज तेल वर तरंगते, ग्लायकॉल विरघळून जाते. दोन्ही बाजूंचे थेंब वेगवेगळ्या ग्लासांत पाहावेत. या विमानात डावीकडचे तेल तरंगते. उजवीकडचे थोडे तरंगते आणि थोडे पाणी गढूळ करते, म्हणजे कुणीतरी दोन्ही एकत्र केली आहेत. उजव्या मास्टर सिलिंडरमधले सील फुगून भोकात अडकले आहे, दाबलेला पिस्टन परत येत नाही, आणि दाब सुटण्याची वाट बंद झाली आहे. घट्ट पेडलाचे उरलेले अर्धे कारण हे.

असे मिश्रण सापडले की ठरवायला फारसे काही उरत नाही. दोन्ही बाजूंचे सगळे रबर फेकायचे, चांगले दिसणारेही. सिलिंडर, कॅलिपर आणि धातूच्या नळ्या अल्कोहोलने धुऊन कोरड्या हवेने वाळवायच्या. मऊ नळ्या नव्याच घ्यायच्या. मग एकच तेल ठरवून ब्रेकच्या तेलाच्या टाकीच्या झाकणावर त्याचे नाव लिहायचे. चाळीस वर्षांपूर्वी कुणी हे लिहिले असते तर उजवी बाजू वाचली असती.

काय मागवायचे

खरेदीचा नियम एकच : विमानाच्या नावाने मागायचे नाही, मापाने आणि मानक क्रमांकाने मागायचे.

३०-९ कॅलिपरला ६६-१०५ क्रमांकाचे लायनिंग बसते, क्लीव्हलंडचे किंवा रॅपकोचे आरए ६६-१०५. प्रत्येक चाकाला दोन, म्हणजे एकूण चार. प्रत्येकाला दोन पोकळ पितळी रिव्हेट, एकूण आठ. मागवताना बारा मागवावेत, कारण पहिल्या दोनतीनांची कड फाटतेच. रिव्हेट पसरवायचे छोटे हत्यार त्यासोबत घ्यावे. हातोडी आणि खिळ्याने हे काम करू नये. जास्त ठोकले तर लायनिंगला भेग जाते, कमी ठोकले तर पॅड प्लेटवर हलतो आणि भोक मोठे करत जातो. बरोबर बसलेल्या रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पृष्ठभागाच्या खाली राहते आणि अंगठ्याने जोर लावला तरी पॅड सरकत नाही.

दीड इंची पिस्टनला २१८ मापाची ओ-रिंग लागते. मागवताना एमएस २८७७५-२१८ असे पूर्ण लिहावे. एमएस २९५१३-२१८ ही मापाने आणि दिसायला अगदी तशीच असते, पण ती इंधनासाठी आहे. पाकिटाबाहेर काढलेल्या दोन ओ-रिंगा शेजारी ठेवल्या तर कुणालाही फरक सांगता येणार नाही, म्हणून बसवेपर्यंत पाकीट फाडू नये. पाकिटावर रबर पिकवल्याची, म्हणजे कारखान्यात तयार झाल्याची, तिमाही आणि वर्ष छापलेले असते तेही वाचावे. जुन्या साठ्यातली ‘न वापरलेली’ ओ-रिंग वीस वर्षांची असेल तर ती नवी नव्हे. ब्रेक फार तापत असतील तर त्याच मापाची व्हिटॉन रबराची ओ-रिंग ५६०६ तेलात चालते आणि नायट्राइलपेक्षा जास्त उष्णता सोसते. थंडीत ती कडक होते आणि थोडी झिरपू शकते, हे लक्षात घेऊन निवड करावी. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरही २१८ मापाची ओ-रिंग मागितली तर मिळेल, कारण माप जगभर एकच आहे. रबर कोणते हे मात्र मापावरून कळत नाही, आणि इथे रबरच महत्त्वाचे.

मास्टर सिलिंडरची दुरुस्ती-किट उत्पादक आणि क्रमांक ओळखता आला तरच घ्यावी. ओळख पटत नसेल तर दोन्ही सिलिंडर नवे, एकाच प्रकारचे. त्यासाठी तीन मापे लागतात : भोकाचा व्यास, दांड्याची चाल, आणि मोकळ्या स्थितीत पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी. व्यास बदलण्याचा मोह टाळावा. ५/८ इंची भोकाचे क्षेत्रफळ ०.३०७ चौरस इंच आहे, ३/४ इंचीचे ०.४४२. मोठा सिलिंडर घेतला तर तेवढ्याच पायाच्या जोराला दाब ३० टक्क्यांहून जास्त घटतो. मोठा म्हणजे दणकट, असे वाटून हा उलटा सौदा बरेच जण करतात.

उजवा कॅलिपर वापरलेला घेता येईल. तो घेताना दोन जागा भिंगाखाली पाहाव्यात. एक, ओ-रिंगची खाच आणि सिलिंडरची भिंत : तिथे ओलाव्याने पडलेले पांढरे खड्डे असतील तर कितीही ओ-रिंगा बदलल्या तरी गळती थांबत नाही. दुसरी, तेल आत येते ते भोक. तिथले आटे १/८ इंची पाइपचे, म्हणजे निमुळते असतात. गळती थांबवायला कुणीतरी फिटिंग आवळत गेलेले असते आणि निमुळता आटा पाचरीसारखा अ‍ॅल्युमिनियम फाडतो. केसाएवढी भेग दिसली तरी तो कॅलिपर परत करावा.

फिटिंगमध्ये मोटारीचा आणि विमानाचा माल मिसळू नये. विमानाच्या एएन (अमेरिकी विमान-मानकाच्या) फिटिंगच्या तोंडाचा उतार ३७ अंशांचा, मोटारीचा ४५. दोन्ही एकमेकांत फिरतात, पण बसतात एका बारीक रेषेवर. पहिल्या दिवशी कोरडे, महिन्याभराने ओले. पाव इंची नळीसाठी सरळ एएन ८१६-४डी आणि काटकोनी एएन ८२२-४डी घ्यावे. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये, तिचे धागे तुटून मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात जातात. पेस्ट लावावी, आणि तीही पहिला आटा कोरडा सोडून.

हे सगळे अमेरिकेत एअरक्राफ्ट स्प्रूससारख्या एकाच विक्रेत्याकडे मिळते. कॅलिपर आणि डिस्क दोन्ही गेली असतील, तर सुटे भाग जमवण्यापेक्षा चाक-ब्रेकचा पूर्ण संच घेणे शहाणपणाचे. क्लीव्हलंड, मॅटको, ग्रोव्ह, बेरिंजर, पर्याय आहेत. मात्र एकाची डिस्क आणि दुसऱ्याचा कॅलिपर अशी जोडी लावू नये. डिस्कची खोली दोनतीन मिलिमीटरने वेगळी निघाली तरी कॅलिपर पिनांच्या टोकावर लटकतो. संच मागवण्याआधी अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) व्यास आणि टॉर्क प्लेटच्या चार भोकांतली अंतरे मोजून लिहावीत.

उष्णतेचा हिशेब

संच निवडताना पाहायचा आकडा म्हणजे ब्रेक एका थांब्यात किती ऊर्जा पचवतो. सूत्र सोपे आहे : ०.०४४३ गुणिले पौंडांतले वजन, गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले ब्रेक असलेल्या चाकांची संख्या. उत्तर फूट-पौंडांत येते. व्हेरीइझीचे कमाल वजन १,०५० पौंड. ६० नॉटला ब्रेक लावला तर प्रत्येक चाकाला सुमारे ८४,००० फूट-पौंड. रद्द केलेल्या उड्डाणात ७० नॉटला लावला तर १,१४,०००. दहा नॉटांनी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भर पडते. उत्पादकाच्या तक्त्यातला आकडा या दुसऱ्या उत्तराच्या वर हवा.

८४,००० फूट-पौंड म्हणजे सुमारे ११४ किलोज्यूल. ही सगळी उष्णता सव्वा किलोच्या पोलादी डिस्कमध्ये गेली असे धरले, तर तिचे तापमान एका थांब्यात १८० अंशांहून जास्त वाढते. आणि त्या डिस्कपासून चार बोटांवर काय आहे? काचतंतू आणि इपॉक्सीचा पाय. खोलीच्या तापमानाला पिकवलेला इपॉक्सी यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मऊ पडू लागतो. पाय मऊ झाला की अ‍ॅक्सलचे बोल्ट त्यात रुततात, चाकाचा कोन बदलतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. मग लोक टायर बदलतात.

म्हणून ब्रेक उघडलेलेच आहेत तर अ‍ॅक्सलचे चारही बोल्ट तपासावेत आणि बोल्टाभोवती पायाचा पृष्ठभाग तपकिरी झाला आहे का पाहावे. तसा रंग असेल तर आधी पायाची दुरुस्ती, ब्रेक नंतर. पाय आणि डिस्क यांच्यामध्ये स्टेनलेसच्या पातळ पत्र्याचा आडोसा आणि त्यामागे सिरॅमिक तंतूंची गादी बसवावी. पायालगत खाली येणारी नायलॉनची नळी उष्णतेने दाब सोसेनाशी होते. कॅलिपरजवळचा शेवटचा हातभर तुकडा तरी पोलादी जाळीच्या टेफ्लॉन होजचा असावा.

बसवल्यावर

पिना घासून गुळगुळीत करून त्यांना कोरडे वंगण लावावे. ग्रीस लावले तर पॅडची धूळ चिकटून पुन्हा तोच अडकलेला कॅलिपर तयार होतो. ओ-रिंग त्याच ५६०६ मध्ये बुडवून बसवावी. मागच्या प्लेटचे आणि चाकाचे बोल्ट त्यांच्या पाटीवरच्या किंवा पुस्तकातल्या टॉर्कला आवळावेत. चाक हाताने फिरवून कॅलिपर बोटांनी आत-बाहेर सरकतो का ते पाहावे. सरकत नसेल तर पुढे जाऊ नये.

हवा खालून वर काढावी : कॅलिपरच्या ब्लीडरला पिचकारी किंवा तेलाची हातपंप-बुधली जोडून तेल सावकाश वर टाकीत चढवायचे. हवा वर जाणारच, तिला वरून खाली ढकलण्यात दुपार जाते. तरीही पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर नळी मध्ये कुठे कमानीसारखी वर जाते ती जागा शोधावी, बुडबुडा तिथे बसलेला असतो. मग पेडल जोरात दाबून पाच मिनिटे धरावे आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवून पाहावा. लाल ठिपका लपत नाही.

नव्या सेंद्रिय लायनिंगला पिकवावे, म्हणजे ठरवून तापवून पक्के करावे लागते. क्लीव्हलंडची पद्धत : इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून विमान १,५०० फूट जमिनीवर चालवायचे आणि ब्रेक दाबत वेग ताशी ५ ते १० मैलच ठेवायचा. नंतर १० ते १५ मिनिटे थंड होऊ द्यायचे आणि इंजिनाचा जोर वाढवून ब्रेक विमान धरतो का पाहायचे. धरत नसेल तर पूर्ण थंड करून पुन्हा. व्हेरीइझीत दोन्ही पेडलांवर सारखा पाय ठेवून हे करावे, नाहीतर एकच बाजू पिकते. या थंड होण्याच्या वेळात पायाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहावा. हात टिकत नसेल तर आडोसा पुरेसा नाही.

लॉगबुकात भागांचे पूर्ण क्रमांक, ओ-रिंगांची तिमाही आणि तेलाचे नाव लिहावे. पहिल्या पाच तासांच्या उड्डाणानंतर चाकांचे आवरण काढून रिव्हेट, पिना आणि अ‍ॅक्सलचे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी दोन्ही टोकांना मोजून त्याच पानावर नोंदवावी.